दिवा विझला म्हणजे वीज गेली असं नव्हे

दौंड, रविवार सकाळ

चि. बाळास,

परवा रात्री तुझा फोन आला आणि तू एवढंच विचारलंस, "मामा, सोळा अँपिअरचा घालू की पंचवीसचा?" मी उत्तर दिलं नाही, पत्र लिहितो म्हणालो. तुला ते विचित्र वाटलं असेल. पण फोनवर नुसता आकडा सांगितला असता, तर तू दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पुण्याला गेला असतास, बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी तो रिले घेतला असतास आणि संध्याकाळपर्यंत रांजणगावला जाऊन बसवलाही असतास. तू कामाला वाघ आहेस, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच आकडा सांगायची घाई केली नाही. तुझ्या प्रश्नात अँपिअर होते, पण ते कोणत्या क्षणाचे, ते नव्हतं.

तू सांगितलंस ते मी वहीत उतरवून घेतलं. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, १ केव्हीए, २३० व्होल्टवरून ५० व्होल्ट. पुढे ब्रिज, कपॅसिटर आणि मोटरचे ड्राइव्ह. प्रायमरीच्या फेजमध्ये १० अँपिअरचा आठ पिनी क्यूब रिले आणि त्याची कॉईल इमर्जन्सी बटणातून नेलेली. शिरूरच्या तुझ्या शेडमध्ये दीड महिना तुझं मशीन चाललं, एकदाही कुरकुर नाही. रांजणगाव एमआयडीसीत गिऱ्हाइकाकडे बसवल्यावर बाराव्या दिवशी ऑपरेटरनं बटण दाबलं, तरी ड्राइव्ह चालूच. तू जाऊन रिले बेसमधून उपटलास, टिचकी मारलीस, तो सुटला. नवा घातलास. तो नवव्या दिवशी चिकटला.

तू क्लॅम्प मीटर लावला होतास. पावणेचार अँपिअर दाखवले. दहाच्या रिलेवर पावणेचार म्हणजे रिलेची ताकद अडीचपटीहून जास्त. तुझा हिशेब बरोबर आहे, पण मशीन चालू असतानाचा करंट तू मोजलास, आणि रिले मरतो तो त्याच्या आधी, चालू होण्याच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत. साध्या क्लॅम्प मीटरला तो क्षण दिसतच नाही. आकडा स्थिरावेपर्यंत सगळं घडून गेलेलं असतं.

त्या क्षणी काय होतं ते आधी नीट समजून घे.

आपल्या मळ्यातला विहिरीकडचा हौद आठव. ट्रान्सफॉर्मरचा कोअर म्हणजे तसा हौद, आणि त्यातलं पाणी म्हणजे चुंबकीय प्रवाह. आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. व्होल्टेजची एक अर्धी लाट दहा मिलिसेकंदांची असते, ती हौदात पाणी ओतते. पुढची अर्धी लाट तेवढंच पाणी उपसून घेते. ट्रान्सफॉर्मर सुरळीत चालू असताना ओतणं सुरू होतं तेव्हा हौद तळाला गेलेला असतो, त्यामुळे पूर्ण लाट ओतली तरी पाणी काठापर्यंतच येतं. हौद बांधणाऱ्यानं माप धरलेलं असतं ते तेवढंच, वर वीतभर जादा.

आता ट्रान्सफॉर्मर बंद आहे. बंद असताना हौद रिकामा नसतो, अर्धा भरलेला असतो. तुझा रिले नेमका व्होल्टेज शून्यावर असताना लागला, तर अर्ध्या भरलेल्या हौदात पूर्ण लाट पडते. अर्धा हौद पाणी बाहेर सांडतं. मागच्या वेळी बंद करताना कोअरमध्ये थोडं चुंबकत्व उरलं असेल, म्हणजे हौद अर्ध्याऐवजी पाऊण भरलेला राहिला असेल, तर आणखी सांडतं. हे सांडणं म्हणजेच झटक्याचा करंट. कोअर भरून गेला की कॉईलचा विरोध संपतो आणि प्रायमरी म्हणजे गुंडाळलेली नुसती तांब्याची तार उरते. टोरॉइडमध्ये तर कोअरला सांधा नसतो, हवेची फट नसते, त्यामुळे चुंबकत्व जास्त उरतं आणि झटकाही जास्त बसतो. ते आवाज करत नाहीत, गरम कमी होतात, जागा कमी घेतात, म्हणून तू घेतलास ते ठीकच केलंस. पण या गुणांबरोबर हा दोषही पदरात आला.

याउलट रिले लागला तो क्षण व्होल्टेजच्या शिखराचा असेल, तर त्या अर्ध्या लाटेतलं अर्धंच ओतणं उरलेलं असतं. अर्धा हौद, वर अर्धी लाट, पाणी बरोबर काठाला. सांडत नाही. रिले कोणत्या क्षणी लागेल ते कुणाच्या हातात नसतं, म्हणून दहा वेळा काही होत नाही आणि अकराव्या वेळी होतं.

तुझ्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा करंट १००० भागिले २३०, म्हणजे ४.३५ अँपिअर. झटका त्याच्या वीस-पंचवीस पट धर, टोरॉइडला त्याहून जास्तही होतो. शंभर-दीडशे अँपिअरचं शिखर. आणि रिलेचा कॉन्टॅक्ट लागताना एकदम चिकटून बसत नाही, दाराच्या कडीसारखा दोन-चार मिलिसेकंद उडतो. त्या उडण्यात ठिणगी पडते, चांदी वितळते, वितळलेल्या चांदीवर कॉन्टॅक्ट येऊन बसतो आणि ती गोठते. तू टिचकी मारून सोडवलास तो हा डाग. तुझ्या रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या सरळ लोडचे आहेत. ते खोटे नाहीत, फक्त तुझ्या कामाचे नाहीत.

मग शिरूरला दीड महिना तो का टिकला? याचं उत्तर तुझ्या शेडच्या वायरीत आहे. तुमची शेड डीपीपासून लांब, लाईनच्या टोकाला. तिथवर वीज येते ती बारीक वायरीतून, आणि झटका आला की व्होल्टेज तिथेच खाली बसतं. लांब वायरीच्या विरोधानं तुझा रिले वाचवला. एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर मोठा, केबल जाड, अंतर थोडं. तिथला सप्लाय दांडगा आहे, मागेल तेवढा करंट देतो. घरच्या विजेवर चाललेलं मशीन गिऱ्हाइकाच्या विजेवर मरतं, हे मी तीनदा तरी पाहिलंय. दर वेळी दोष रिलेच्या कंपनीवर गेला आणि दर वेळी तो चुकीचा होता.

आता एक जुनी गोष्ट. तुझ्या आईला अर्धी माहीत आहे.

मी या तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला होतो तेव्हाची. गळीत हंगाम चालू होता. ऊस गव्हाणीच्या पॅनलमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ४१५ वरून ११० व्होल्टचा. त्याची प्रायमरी एका प्लग-इन रिलेतून मी स्वतः काढली होती आणि दारावरचा लाल दिवा रिलेच्या कॉईलला जोडला होता. व्होल्टेज कमी पडत होतं म्हणून प्रायमरीचं टॅपिंग ४१५ वरून ३८० वर घ्यायचं ठरलं. स्टॉप दाबला. कॉईल पडली, दिवा विझला. हेल्परनं दिवा बघितला आणि पाना टर्मिनलवर ठेवला. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलेला होता, टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच होते. भडका उडाला. पोरगा वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. तो कधी मला काही बोलला नाही. पॅनलचा नकाशा माझ्या हातचा होता आणि दिवा मी लावला होता.

तेव्हापासून माझ्या पॅनलमध्ये दिवा कॉईलवर कधी नसतो. वीज जिथे असायला नको तिथून, कॉन्टॅक्टच्या पुढच्या बाजूनं दिवा घ्यायचा. कॉईल पडली हे मला कळून काय उपयोग? मला ट्रान्सफॉर्मर मेला की नाही ते कळायला हवं. आणि दिवाही उडू शकतो, म्हणून हात घालण्याआधी मेन आयसोलेटर बंद करून कुलूप आणि मग मीटर. मीटर आधी जिवंत लाईनवर तपासून घे, मग मेलेल्यावर लाव.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

तू विचारलेला सोळाचा क्यूब रिले नको. त्यात सिल्व्हर टिन ऑक्साइडचा कॉन्टॅक्ट मिळतो, तो चिकटायला खरंच जास्त चिवट असतो आणि लहान ट्रान्सफॉर्मरला मी स्वतः वापरलाय. पण १ केव्हीएच्या टोरॉइडला नाही.

पंचवीसचा म्हणजे दुकानदारानं तुला दाखवलेला एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, बरोबर? त्यावर झीरो क्रॉसिंग असं छापलं असेल आणि ते फार चांगलं असतं असं त्यानं सांगितलं असेल. हीटरसाठी ते चांगलंच आहे. पण वरचा हौद पुन्हा आठव. झीरो क्रॉसिंगचा एसएसआर नेमका व्होल्टेज शून्यावर असतानाच लागतो. साधा रिले कधीतरी नशिबानं शिखरावर लागतो, हा मात्र दर वेळी न चुकता सर्वांत वाईट क्षण निवडतो. ट्रान्सफॉर्मरला एसएसआर घालायचाच असेल तर कुठल्याही क्षणी लागणारा किंवा शिखरावर लागणारा प्रकार असतो, तो मागून घ्यावा लागतो. शिवाय एसएसआर मरतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, म्हणजे चालूच राहून. इमर्जन्सी बटणाच्या मागे तो एकटा कधीच उभा करू नकोस.

तुला हवा आहे कॉन्टॅक्टर. पण त्याच्यावरचा आकडाही नीट वाच. एकाच कॉन्टॅक्टरवर दोन-तीन वेगवेगळे अँपिअर छापलेले असतात आणि दुकानात त्यातला सर्वांत मोठा सांगतात. एसी-१ म्हणजे हीटरसारखा लोड. एसी-३ म्हणजे साधी इंडक्शन मोटर. ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळा वर्ग आहे, एसी-६ए, आणि तो कॉन्टॅक्टरवर सहसा छापलेला नसतो. आयईसी ६०९४७-४-१ हे मानक आपल्याकडेही भारतीय मानक म्हणून स्वीकारलेलं आहे. त्यात हिशेब दिलाय: झटका तीसपटीपर्यंत असेल तर एसी-३ चा आकडा ०.४५ नं गुणायचा. झटका त्याहून मोठा असेल तर त्या प्रमाणात आणखी कमी करायचा.

वही घे आणि कर. ९ अँपिअर एसी-३ चा कॉन्टॅक्टर: ९ गुणिले ०.४५, ४.०५. तुझा करंट ४.३५. नापास. १२ चा: ५.४. पास, पण टोरॉइडचा झटका चाळीसपट धरला तर ५.४ गुणिले ३० भागिले ४०, पुन्हा ४.०५. नापास. १८ चा: ८.१, चाळीसपटीला ६.०७. हा घे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोड.

एवढं करून थांबलास तरी कॉन्टॅक्ट टिकेल. पण झटका तसाच राहील आणि त्याचा त्रास एमसीबीला होईल. सी वक्राचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पटीला तत्क्षणी पडतो, डी वक्राचा दहा ते वीस पटीला. सी पडतो म्हणून कुणीतरी ३२ चा एमसीबी घालतं, आणि मग ट्रान्सफॉर्मर जळेपर्यंत काहीच पडत नाही. तसं तुझ्या गिऱ्हाइकाच्या माणसानं केलंय का, ते आधी बघ.

मी तुझ्या जागी असतो तर झटकाच मारला असता. प्रायमरीच्या वाटेत ४७ ओहमचा, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घालायचा. सुरुवातीला करंट त्यातून जातो. २३० चं शिखर ३२५ व्होल्ट, भागिले ४७, सातच्या आत. शंभर-दीडशेचे सात झाले. अर्ध्या सेकंदानं टायमर दुसरा कॉन्टॅक्टर लावतो, तो रेझिस्टरला वळसा घालतो आणि रेझिस्टर बाजूला पडतो. ड्राइव्हला एनेबल त्यानंतरच द्यायचा, आधी नाही. तुझे कपॅसिटरही याच वेळात सावकाश भरतात. रेझिस्टर अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर, वायरींपासून दूर, आणि त्याला थर्मल फ्यूज. वळशाचा कॉन्टॅक्टर एखाद्या दिवशी लागला नाही, तर लोडचा सगळा करंट त्या रेझिस्टरमधून जाईल आणि तो लाल होईल.

एनटीसी थर्मिस्टर स्वस्त पडतो, एकच तुकडा, टायमर नको, असं तुला कुणीतरी सांगेल. तो थंड असताना अडवतो आणि गरम झाल्यावर वाट देतो. वीज क्षणभर गेली आणि लगेच आली, तर तो गरमच असतो आणि काही अडवत नाही. आपल्याकडे वीज अशीच जाते.

हे तुला आत्ताच सांगतोय, कारण पुढचं मशीन तू केडगाव-खुटबावकडच्या गुऱ्हाळांना द्यायचं म्हणतोयस, गुळाच्या वड्या पाडायचं. तिथली गोष्ट रांजणगावच्या उलटी आहे. तिथे सप्लाय मऊ, झटका कमी, पण व्होल्टेज खाली. शेतातल्या पंपांना ऑटोस्विच लावलेले असतात. लाईट आली की त्या डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. पंप उठतात त्या पहिल्या मिनिटात व्होल्टेज लोळण घेतं. कॉन्टॅक्टरची एसी कॉईल ८५ टक्के व्होल्टेजला लागण्याची हमी असते, ७५ च्या खाली ती कधीही सोडू शकते. मधल्या पट्ट्यात ती धड धरत नाही, धड सोडत नाही, थरथरते. प्रत्येक थरथर म्हणजे ट्रान्सफॉर्मरला नवा झटका. तो कॉन्टॅक्टर बारा दिवससुद्धा काढणार नाही. म्हणून कॉईल २४ व्होल्ट डीसीची घे आणि ती एसएमपीएसवर चालव. तो शंभर-सव्वाशे व्होल्टलाही चोवीस देत राहतो. शिवाय एक अंडरव्होल्टेज रिले घाल. वीज परत आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये, माणसानं हिरवं बटण दाबलं तरच. गुऱ्हाळावर लाईट गेली की माणसं मशीनमध्ये अडकलेला गूळ हातानं काढतात.

शेवटचं, इमर्जन्सी बटण. तुझ्या पॅनलमध्ये ते एका रिलेच्या एका कॉन्टॅक्टवर उभं आहे. तो चिकटला की बटण म्हणजे लाल प्लास्टिक. सेफ्टी रिले घाल आणि त्याच्यामागे एकापुढे एक असे दोन कॉन्टॅक्टर, दोन्ही १८ चे. एक चिकटला तरी दुसरा तोडेल. दोन्हींचे मिरर प्रकारचे एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे कॉन्टॅक्टर सुटला की जुळणारे, सेफ्टी रिलेच्या रिसेटच्या वाटेत सिरीजमध्ये घे, आणि वळशाच्या कॉन्टॅक्टरचाही. मग एकही चिकटलेला असेल तर त्याचा एनसी उघडाच राहतो आणि मशीन पुन्हा सुरूच होत नाही. बिघाड लपून बसत नाही. वळशाचा का, तर तो चिकटला तर पुढच्या वेळी रेझिस्टर मध्ये नसेल आणि सगळा झटका मुख्य कॉन्टॅक्टरवर येईल. म्हणूनच रेझिस्टर घातला तरी १८ चे १२ करू नकोस. आणि कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर लाव. ५० व्होल्ट एसीचे डीसी होऊन सत्तर होतात, आणि सगळं तोडल्यावरही ते तिथे बसून राहतात.

यात खर्च वाढेल. गिऱ्हाईक विचारेल, दोनशेच्या रिलेच्या जागी हे एवढं कशाला. त्याला या पत्रातला कारखान्याचा भाग वाचून दाखव, माझी हरकत नाही. तरी तो नाही म्हणाला, तर ते काम सोड. तुझ्या आईशी मी बोलतो.

आज पत्र संपवतो, पण एक गोष्ट पत्रासाठी थांबवली नाही. रांजणगावचं ते मशीन मेनवरून बंद करून ठेव असं मी काल फोनवर सांगितलंय. आज एकदा स्वतः खात्री कर, ते अजून बंद आहे ना, आणि मेनला कुलूप लावलंय ना. ऑपरेटरला समोरासमोर सांग की दुरुस्ती होईपर्यंत त्या बटणावर भरवसा ठेवू नकोस. चिकटलेले दोन्ही रिले फेकू नकोस. येत्या रविवारी न्हावरा-चौफुल्यावरून गाडी काढ आणि ते घेऊन ये, पॅनलचा नकाशाही आण. कॅप उघडून भिंगाखाली कॉन्टॅक्ट बघू.

तुझा
मामा